कवळ्यांचा डबा

ताडकळसच्या बसस्टँडसमोर माझं मेडिकल आहे आणि लागूनच्या गाळ्यात दातांचा दवाखाना. मधली भिंत एका विटेची. त्यामुळे तिकडं कोण ओरडलं, कोण रडलं आणि कोण नुसतंच गोड बोलून सटकलं, हे मला गल्ल्यावर बसल्या बसल्या कळतं. डॉक्टर धम्मशीला खिल्लारे यांचा आवाज मात्र इतक्या वर्षांत भिंतीतून कधी आला नाही. पेशंट बोंबलत असायचा आणि मॅडम त्याच्या तोंडात शांतपणे काम करत असायच्या. गावात त्यांना ‘थंड बाई’ म्हणत. मीही म्हणायचो, फक्त त्यांच्या माघारी.

त्यांचे वडील सिताराम चुडाव्याच्या स्टेशनला रेल्वेच्या गँगमध्ये होते. रुळावर घण मारून त्यांनी लेकीला औरंगाबादला शिकवलं. लेक दातांची डॉक्टर होऊन आली तोवर त्यांच्या स्वतःच्या तोंडात नाव घ्यायलासुद्धा दात उरला नव्हता. मॅडमनी दवाखाना उघडून पहिली कवळी केली ती बापाची. ती घालून म्हातारा बसस्टँडवर उगाच हसत फिरायचा. ओळख नसलेल्यांनाही हसून दाखवायचा.

सिताराम गेले, त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी चांगुणाबाई, म्हणजे मॅडमची आई, चुडाव्याहून दवाखान्यात आल्या. बाकड्यावर पेशंटांची दाटी होती, मी औषधं द्यायला तिथं गेलो होतो. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि आतली कवळी लेकीपुढं धरली.

“घे माय. त्यांची वस्तू. जाळू वाटंना, आन् घरात बी ठिवू वाटंना.”

मॅडमनी ती दोन्ही हातांनी घेतली. नळाखाली धरून ब्रशनं नीट घासली, पुसली, पांढऱ्या जाळीच्या कापडात गुंडाळली. मग विचारलं, “शेवटी काय खाल्लं बाबांनी?”

“शेंगा. भाजलेल्या. मूठभर खाल्ल्या बग, एकेक फोडून,” असं म्हणता म्हणता चांगुणाबाईंना रडू फुटलं. बाकड्यावरच्या बायांनीही डोळ्याला पदर लावला. मॅडमनी ती गुंडाळी स्टीलच्या एका रिकाम्या डब्यात ठेवली, डबा कपाटावर ठेवला, हात धुतले आणि पुढच्या पेशंटला म्हणाल्या, “या.” मला खरं सांगायचं तर संताप आला होता. बाप गेलाय आणि बाई दाढ काढतेय.

बाकड्यावरच्या त्या बाया आपापल्या गावी गेल्या आणि बोलल्या. तेव्हापासून आमच्या भागात एक रीतच पडून गेली. कवळीवालं माणूस गेलं की घरचे दिवस झाल्यावर कवळी रुमालात बांधून मॅडमकडं आणून देतात. फेकायची कुठं, हा प्रश्न सगळ्यांनाच असतो. कपडे देता येतात, चष्मा देता येतो, खाट दुसऱ्याला होते. दात कुणाला द्यायचे? मॅडम दर वेळी तेच करायच्या. दोन्ही हातांनी घ्यायच्या, धुवायच्या, गुंडाळायच्या आणि विचारायच्या, “शेवटी काय खाल्लं त्यांनी?” कुणी सांगायचं पिठलं, कुणी सांगायचं नातवाच्या वाढदिवसाचा केक. सांगताना माणूस रडायचंच. आलं होतं तेव्हा दगडासारखं असायचं, जाताना नाक पुसत माझ्याकडं डोकेदुखीची गोळी घ्यायला यायचं.

माखणीची कडूबाई एकदा म्हणाली होती, “बाई, त्या डब्यातली एखादी मला बसती का बगा की. कशाला नवी करताव?” मॅडमनी तिला नवी करून दिली. कडूबाईला आजही वाटतं की मॅडमनी उगाच चांगला माल अडवून ठेवला.

मागच्या वर्षी मॅडमच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली. मनगटात नस दबली होती. जन्मभर मनगट वाकडं करून दुसऱ्याच्या तोंडात हात घालायचा, त्याचं हे फळ. नांदेडला ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, पण बोटं काही जागी झाली नाहीत. मॅडम कुणाला बोलल्या नाहीत. त्यांचे यजमान धम्मानंद सर पूर्णेच्या शाळेत शिक्षक आहेत, त्यांनाही उशिरानं कळलं.

मग एका दुपारी त्या माझ्या काउंटरवर आल्या. हातात रबरी मोजा तसाच होता आणि बोटाच्या टोकाला आतून रक्त साचलेलं.

“गोपीचंदभाऊ, एक पट्टी द्या.”

“काय झालं?”

“सुई गेली.”

“दुखतंय का?”

“नाही ना,” मॅडम म्हणाल्या. “मोजा लाल दिसला म्हणून कळलं. आज माझ्या बोटात गेली. उद्या कुणाच्या जिभेत जाईल.”

मी पट्टी लावून दिली. त्या बोटाकडं दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं बघत होत्या. मग त्याच आवाजात म्हणाल्या, “दवाखान्याला गिऱ्हाईक बघा.”

मी बघितलं. झरीचा योगीराज म्हणून पोरगा सापडला. दातांचा डॉक्टर, परभणीत कुणाच्या तरी मोठ्या दवाखान्यात पगारावर राबत होता. बोलायला बरा, पण प्रश्न फार. रोज पेशंट किती, मशीन कधीची, दुरुस्तीला कोण येतं. सगळं मोबाइलमध्ये टिपून घ्यायचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, “हात चांगला आहे त्याचा. बघितला मी.”

सौद्याच्या दिवशी त्याचे वडील वैजीनाथ आले. हाडाचे शेतकरी. त्यांनी दातांच्या खुर्चीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून बघितलं, दाबून बघितलं, मग स्वतःच तिच्यावर आडवे झाले. म्हणाले, “बैलाचे दात बगून सौदे केले जिंदगीभर. ही पयलीच खेप की माझेच दात वर करून सौदा करायलोय.” मॅडम सोडून आम्ही सगळे हसलो.

आकडा ठरायची वेळ आली तेव्हा वैजीनाथ अडले. असं तोंडानं सगळ्यांपुढं बोलायची त्यांना सवय नव्हती. बैलबाजारात उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात. समोरच्याला पटला तर तो मान हलवतो, शब्द निघत नाही. “तसंच करू,” वैजीनाथ म्हणाले. मॅडमच्या वतीनं मी हात पुढं केला, तर मॅडम म्हणाल्या, “दवाखाना माझा आहे. माझा हात धरा.” वैजीनाथ लाजले. “लेकीसारख्या हाव तुमी,” असं म्हणत त्यांनी उपरणं टाकलं आणि मॅडमची उजव्या हाताची बोटं धरली.

मॅडमनी मान हलवली. एकदाच. सौदा झाला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “कितीला?”

“माहीत नाही.”

“म्हणजे?”

“कोणती बोटं दाबली ते कळलंच नाही मला.”

मी कपाळावर हात मारला. आत जाऊन वैजीनाथांना विचारलं तर आकडा आमच्या बोलण्यापेक्षा बराच खाली होता. त्यांनी तो पहिला आकडा म्हणून टाकला होता, घासाघीस होईल या हिशोबानं. मॅडमनी तिथंच मान हलवल्यावर त्यांचीच पंचाईत झाली होती. मी भांडायला उभा राहिलो. म्हटलं, बाईंच्या बोटांना कळत नाही, पुन्हा बसू. मॅडमनी मला थांबवलं.

“हो म्हणाले ना मी? झालं.”

“अहो, पण कशाला म्हणालात?”

“म्हणायचंच होतं कधीतरी.”

इतकी वर्षं त्या एका खोलीत घालवली आणि देताना चेहऱ्यावर रेघ हलली नाही. मला वाटलं, बोटांसारखंच आतलंही काही तरी गेलंय हिचं.

पण अट एकच घातली त्यांनी, आणि ती घालताना उभ्या राहिल्या. कपाटावरचा डबा जिथं आहे तिथंच राहील. लोक आणून देतील ते योगीराज परत पाठवणार नाही.

योगीराज म्हणाला, “मॅडम, राग मानू नका, पण मेलेल्या माणसांच्या वस्तू दवाखान्यात? नियमानं हा कचरा आहे. तुम्ही घरी घेऊन जा ना.”

“लोक माझ्या घरी येत नाहीत. इथं येतात. सगळं घरदार आवरून झालेलं असतं, एवढी एक वस्तू हातात उरलेली असते. दारातून परत पाठवलं तर कुठं जातील ते?”

“पण मॅडम...”

“नाही जमत तर राहू द्या. दुसरा बघते.”

त्यांचा एवढा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. वैजीनाथच म्हणाले, “राहू दे रे. डबाच हाय. चारा मागतो का पाणी?” आणि ते ठरलं.

दसऱ्यापर्यंत मॅडमनी रोज येऊन योगीराजच्या शेजारी उभं राहायचं, म्हणजे पेशंट त्याला सरावतील, असंही ठरलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांची तेव्हा गर्दी असते. एकदा कारखान्यावर गेलं की दाढ दुखली तरी फडातून कोण सोडतो? म्हणून लोक निघायच्या आधीच दुखरं काय ते काढून टाकतात. ही गर्दी बघून योगीराज खूश झाला, पण एकही तोंड त्याच्यापुढं उघडेना. कडूबाई तर ओठ घट्ट मिटून खुर्चीवर बसली. “मी बाईबगर कुणापुढं तोंड उघडत नसते,” हे सांगायला मात्र तिनं तोंड उघडलं. मग मॅडम शेजारून म्हणायच्या, “उघडा,” आणि तोंडं उघडायची. योगीराज काम करायचा, पेशंट मॅडमकडं बघत राहायचा. मला याचा भारी अभिमान वाटायचा. मी गल्ल्यावर सांगायचो, पाटी विकता येते हो, माणसं कशी विकणार?

शेवटच्या दिवशी मॅडमनी आपला चष्मा आणि पाण्याची बाटली पर्समध्ये टाकली. पाटी तशीच होती, खिल्लारे दंत दवाखाना. ती वर्षभर ठेवायची असं ठरलं होतं. त्या पूर्णेच्या बसमध्ये बसल्या. “येते,” म्हणाल्या. मला वाईट वाटत होतं आणि त्यांना वाटत नाहीये याचा रागही येत होता.

त्या गेल्या आणि पंधरवड्यात डबा कपाटावरून हलला. तिथं टूथपेस्ट आणि ब्रश मांडायची काचेची शोकेस आली. डबा जिन्याखाली गेला, हवेच्या मशीनमागं. मी योगीराजला झापलं तर म्हणाला, “काका, टाकला का मी? आहे ना?” गेली चार वर्षं जिल्हा परिषदेत शिपाई असलेला मुंजाजी त्याच्या बापाची कवळी घेऊन आला, तर योगीराजनं मास्कमधूनच सांगितलं, “तिकडं ठेवा.” मुंजाजीनं ती टेबलावर ठेवली, जरा वेळ उभा राहिला आणि माझ्याकडं आला.

“डॉक्टरनं काई इचारलंच न्हाई हो.”

“काय विचारायला पाहिजे होतं?”

“बाबा शेवटी काय खाल्ले ते. मी सांगायचं ध्यानात ठिवून आल्तो.”

मग मीच विचारलं. खिचडी खाल्ली होती. पण औषधाच्या दुकानात उभं राहून सांगण्यात काही मजा नव्हती, ना त्याला, ना मला. मॅडमना मी फोन केला नाही. कळवून काय करणार होतो? दवाखाना विकला गेला होता.

पौषात चांगुणाबाई गेल्या. चुडाव्याला मी गेलो होतो. मॅडमचा धाकटा भाऊ बुद्धभूषण तिथंच असतो, आई त्याच्याकडंच होती. तो हमसून रडत होता. मॅडम येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होत्या, कुणाला पाणी मिळालं नाही ते बघत होत्या. चेहरा पाटीसारखा कोरा.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, दिवस सरले आणि त्याच्या पुढच्या बाजारच्या दिवशी पूर्णेच्या बसमधून मॅडम उतरल्या. मी हाक मारली, त्यांनी मान हलवली आणि दवाखान्यात शिरल्या. डाव्या हातात पांढरा रुमाल होता. मी गल्ला तसाच सोडून त्यांच्यामागं गेलो. डबा कुठं आहे ते मला ठाऊक होतं.

बाकड्यावर कडूबाई होती, शेजारणीच्या सोबतीला आलेली, आणखी दोघीतिघी होत्या. सगळ्या उठायला लागल्या. “बसा,” मॅडम म्हणाल्या आणि रांगेत शेवटी बसल्या. कपाटावर बघितलं. तिथं ब्रशांची शोकेस होती. त्यांनी नजर खाली घेतली आणि रुमाल मांडीवर धरून बसून राहिल्या.

योगीराज पेशंटला सोडायला बाहेर आला आणि जागच्या जागी थांबला. “मॅडम, तुम्ही इथं कशाला बसलात? आत या ना.”

“नंबर येऊ द्या.”

“काय झालंय?”

“आई गेली,” मॅडम म्हणाल्या आणि रुमाल पुढं केला.

पोरानं एकदा रुमालाकडं बघितलं, एकदा शोकेसकडं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. तसाच जिन्याखाली गेला. मशीन सरकवल्याचा आवाज आला. डबा घेऊन आला तेव्हा त्याच्या शर्टाला धूळ लागली होती. त्यानं डबा शोकेसवर ठेवला, मास्क काढला, हात धुतले आणि दोन्ही हात पुढं केले. मॅडमनी डाव्या हातानंच कवळी दिली. मला म्हणाल्या, “उजव्या हातात काही कळत नाही ना, भाऊ. म्हणून ह्याच हातात आणली.”

योगीराजनं ती नळाखाली धरली. ब्रशनं घासली, आतून, बाहेरून. पुसली. जाळीच्या कापडात गुंडाळली. शेजारी उभं राहून त्यानं मॅडमना हे करताना बघितलं होतं, आणि पुढं काय येतं तेही त्याला ठाऊक होतं. त्यानं खाली बघतच विचारलं,

“शेवटी काय खाल्लं त्यांनी?”

मॅडमनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

“मला माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मी विचारलंच नाही.”

त्यांनी पर्समधून फोन काढला. उजव्या हातात तो धरवत नाही म्हणून बाकड्यावर ठेवून स्पीकर लावला. बुद्धभूषणनं उचलला.

“भूषण, आईनं शेवटी काय खाल्लं रे?”

तो म्हणाला, “ताकात भाकर कुस्करून दिल्ती अक्का. रोज तेच खायली होती.”

“कुस्करून? दात होते की तिला.”

“घालतच नव्हती. तू दवाखाना सोडला तवापसून. सैल झाल्ते, हिरड्याला लागायलेत म्हणायची. ताडकळसला त्या नव्या डॉक्टरकडं चल म्हणलो मी. तर म्हणली, माझ्या लेकीबगर मी कुणापुढं तोंड उघडत नसते. आन् तुला सांगू नको म्हणली. तुझा हात दुखायलाय म्हणून.”

फोन बंद झाला. कडूबाईनं नकळत ओठ मिटून घेतले होते. योगीराजच्या हातात ती पांढरी गुंडाळी तशीच होती. माझ्या डोक्यात माझंच वाक्य घुमत होतं, माणसं कशी विकणार म्हणून. मला माझी लाज वाटली.

“ठेवा,” मॅडम म्हणाल्या. योगीराजनं कवळी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

मला वाटलं, आता उठतील आणि बस धरतील. मॅडम उठल्या, पण दाराकडं गेल्या नाहीत. कडूबाईसमोर उभ्या राहिल्या.

“कडूबाई, तुमची सैल झालीय का?”

“न्हाई बाई. बेस हाय.”

“खरं सांगा. भाकर खाता का कुस्करून खाता?”

कडूबाईनं मान खाली घातली. “कुस्करून.”

“कधीपासून?”

“तुमी गेल्यापसून.”

मॅडमनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, उठवलं, आत नेऊन खुर्चीवर बसवलं. “डॉक्टर, हिची बघा. आतून नीट बसवून द्या.” कडूबाई त्यांच्याकडंच बघत होती. मॅडमनी तिचा चेहरा हळूच योगीराजकडं वळवला. “माझ्याकडं नाही. त्यांच्याकडं बघा. उघडा.”

कडूबाईनं तोंड उघडलं.

मग मॅडम बाहेर आल्या आणि बाकड्यावरच्या दुसरीला विचारलं, “तुमची?” मग तिसरीला विचारलं. डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघत होतो. त्या ते पुसत नव्हत्या आणि थांबतही नव्हत्या. एकेकीपुढं वाकून विचारत होत्या, “भाकर खाता का कुस्करून खाता? लाजू नका. सांगा मला.”